ब्राझील रिकामा पडलाय म्हणे!

मामांनी फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड टाकला. ब्राझील भारताच्या अडीचपट, लोक जेमतेम २० कोटी, म्हणजे देश रिकामाच, नुसतं जंगल, कॉफी विकायची नि फुटबॉल खेळायचा, म्हणून आपल्याहून गरीब, त्यांच्याकडून घेण्यासारखं काही नाही. मामा, तुम्ही मोठे, पण एवढं वाचाच.

आकडे बरोबर आहेत. ८५ लाख चौरस किलोमीटर, २०२२च्या जनगणनेत २०.३ कोटी. पण सरासरी काढली की असंच फसायला होतं. तिथलं अमेझोनास राज्य महाराष्ट्राच्या पाचपट आहे, माणसं ३९ लाख, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या मनाउस शहरात. उलट साओ पाउलो राज्य महाराष्ट्राहून लहान आणि तिथं ४.४ कोटी लोक! शंभरातले ८७ जण शहरात राहतात. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला सांगा देश रिकामा आहे म्हणून.

नुसतं जंगल म्हणाल तर मधला सेराडो हा गवताळ, खुरट्या झाडांचा पट्टा. जमीन आम्लयुक्त, कोणी विचारत नव्हतं. १९७३ला एम्ब्रापा ही सरकारी कृषी संशोधन संस्था निघाली, जमिनीत चुना घातला, उष्ण हवेत येणारं सोयाबीन तयार केलं, आणि आज जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तिथंच पिकतं, बरंचसं चीनला जातं. त्यापायी सेराडोची तोडही भयंकर झाली, ते फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही.

कॉफीत पहिला नंबर आहेच, पण निर्यातीत सोयाबीन, कच्चं तेल नि लोहखनिज तिच्या कितीतरी पुढे. खनिजाचं तर गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोलीत बसून आपण बोलायलाच नको! त्यांच्या कराजास खाणीच्या मालात लोखंड ६५ टक्क्यांच्या आसपास, आपला बराचसा माल साठच्या खाली, आणि दोघांचं गिऱ्हाईक चीनच. २०१२ला इथल्या खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आठवतात ना? शिवाय एम्ब्राएरची विमानं, तीही तिथलीच.

आपल्याहून गरीब हे तर साफ चूक. एकूण अर्थव्यवस्था आपली मोठी, पण माणशी उत्पन्न त्यांचं आपल्या साधारण चौपट. विषमता प्रचंड आहे, फावेला, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्या, काय खोटे नाहीत, पण तो वेगळा मुद्दा झाला.

आणि घेण्यासारखं काही नाही? मामा, तुमच्या भाटातलं, म्हणजे बागेतलं, काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणलं, काजू हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी भाषेतला. आपणही दिलंय म्हणा, त्यांची नेलोर जातीची गुरं आंध्रच्या ओंगोलवरून गेलेली. तर काजूचे बोंडू मळून झाले की हुर्राकची, म्हणजे त्या रसाच्या दारूची, एक बाटली माझ्यासाठी ठेवा, आणि तो फॉरवर्ड डिलीट करा बघू.