'कोपऱ्यात रंग फाटतात': एका प्रतिक्रियेला उत्तर

कमी बजेटच्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीवर (पेटीच्या आतून, पडद्याच्या मागून चित्र टाकणाऱ्या टीव्हीवर) मी लिहिलेल्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. ती अशी:

"असला टीव्ही आमच्याकडे होता. पांढऱ्या अक्षरांना निळी कड येते आणि कोपऱ्यात रंग फाटतात, म्हणजे तंत्रच मुळात सदोष आहे. उभं राहिलं की चित्र काळं पडतं, दिवसा काही दिसत नाही, चॅनलचा लोगो पडद्यावर कायमचा उमटतो. कंपन्यांनी हे टीव्ही उगाच बंद नाही केले. तुम्हाला भंगार स्वस्तात मिळालं म्हणून त्याची आरती ओवाळताय आणि वाचकांची दिशाभूल करताय. आधी चांगलं चित्र कशाला म्हणतात ते शिकून घ्या."

टीकेचं मला वावडं नाही. लेखाखाली मतभेद नोंदवणारे बरेच वाचक आहेत आणि त्यांना मी रीतसर उत्तरं दिली आहेत. पण 'दिशाभूल' हा आरोप आहे, आणि आरोप करणाऱ्याने निदान लेख पुरता वाचायला हवा. माझा टीव्ही जुना आहे, सेकंडहँड घेतलेला आहे, त्यात ७ इंची ट्यूब आहेत, तो १०८०आय या रेझोल्यूशनच्या पुढे जात नाही, खोलीत अंधार करावा लागतो, हे सगळं पहिल्या दोन परिच्छेदांत लिहिलेलं आहे. यातलं मी काही लपवलं असतं, तर तुमचा शब्द मी मुकाट्याने ऐकून घेतला असता. टीव्ही विकण्याचा माझा धंदा नाही. कुणी हा लेख वाचून असा टीव्ही घेतला काय किंवा न घेतला काय, मला त्यातून काहीच मिळत नाही. मग दिशाभूल मी कशासाठी करू?

आणि ते 'शिकून घ्या'. लिहावं की नाही असं वाटत होतं, पण आता लिहितोच. माझे मामा टीव्ही दुरुस्त करायचे. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी त्यांच्या टेबलाशी उभा असायचो. उघड्या रंगीत सेटच्या ट्यूबच्या मानेवरची चुंबकं एकेक केसभर फिरवत, समोर आरसा ठेवून पडद्यावरच्या जाळीत लाल, हिरवी आणि निळी रेघ एकत्र कशी आणायची, ते मी तिथे पाहिलं आणि पुढे स्वतः केलं. मामा निळी गन, म्हणजे ट्यूबमधला निळ्या रंगासाठी किरण सोडणारा भाग, आधी बंद करायचे. लाल रेघ हिरवीवर बरोबर बसली की पिवळी दिसते. सगळी जाळी पिवळी झाली की मग निळी चालू करायची आणि पांढरी रेघ मिळवायची. चांगलं चित्र कशाला म्हणतात हे मला तेव्हापासून माहीत आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही. तुम्ही मला न ओळखता माझी अक्कल काढलीत, म्हणून सांगावं लागतंय.

आता कोपऱ्यातल्या रंगांकडे येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं दखल घेण्यासारखं वाक्य तेवढंच आहे.

ट्यूबवाल्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीत खाली तीन छोट्या ट्यूब असतात. प्रत्येक एकाच रंगाची, प्रत्येकीसमोर स्वतंत्र लेन्स, आणि तिन्हींचा प्रकाश मागच्या मोठ्या आरशावर आपटून पडद्यावर येतो. सर्वसाधारणपणे हिरवी मधोमध असते, म्हणून तिचं चित्र पडद्यावर सरळ पडतं. लाल आणि निळी दोन बाजूंना तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यांची चित्रं मुळात चौकोनी पडतच नाहीत. एक कड मोठी आणि समोरची लहान अशी पडतात. ही वाकडी चित्रं ओढूनताणून हिरव्या चित्रावर तंतोतंत बसवायची, यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात. त्यासाठी प्रत्येक ट्यूबच्या मानेवर वेगळं वेटोळं असतं आणि त्यात पडद्याच्या प्रत्येक भागासाठी वेगळा दुरुस्तीचा प्रवाह सोडला जातो. मध्यभागी दुरुस्ती थोडी लागते, कोपऱ्यात सगळ्यात जास्त. म्हणूनच जुळणी जराशी ढळली की पहिल्यांदा कोपरे बोलतात.

आणि ती ढळते, हे मी कधी नाकारलं? पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळेही या ट्यूबमधले इलेक्ट्रॉनचे किरण किंचित सरकतात. टीव्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेला, त्याचं तोंड फिरवलं, की जुळणी पुन्हा करावी लागते. सेट थंड असताना रेघा एका जागी असतात आणि तापल्यावर दुसऱ्या. त्यामुळे टीव्ही सुरू करून निदान अर्धा तास चालू द्यायचा आणि मगच जुळवायला घ्यायचं, हेही लेखात आहे. तुम्ही हे केलं होतं का? रिमोटवरच्या मेनूत मधोमध एक फुली येते, ती जुळवून बहुतेक लोक थांबतात. त्या फुलीने सगळं चित्र एकदम इकडेतिकडे सरकतं, कोपऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. कोपऱ्यासाठी सर्व्हिस मेनूतली (मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या मेनूतली) जाळी उघडून एकेक छेदबिंदू हलवावा लागतो. चिकाटीचं काम आहे, संध्याकाळ जाते, मान आखडते. पण झाल्यावर समोर बसून पाहा. न जुळवलेला तंबोरा छेडायचा आणि वाद्यच बेसूर आहे म्हणायचं, असला न्याय तुम्ही केला आहे.

तुमची ती निळी कड मात्र बहुधा कन्व्हर्जन्सची नाहीच. निळ्या ट्यूबमधला फॉस्फर, म्हणजे किरण पडला की उजळणारा थर, जोराच्या किरणाखाली लवकर थकतो, म्हणजे प्रवाह वाढवला तरी उजेड त्या प्रमाणात वाढत नाही. मग झगझगीत पांढरा पिवळट पडायला लागतो. त्यावर उपाय म्हणून कित्येक सेटमध्ये निळा किरण मुद्दाम किंचित अस्पष्ट ठेवतात, म्हणजे तो फॉस्फरच्या जास्त भागावर पसरतो आणि पांढरा पांढरा राहतो. पांढऱ्या अक्षराच्या चहूबाजूंनी सारखीच निळसर झाक असेल तर ती हीच. एकाच बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला लाल रेघ असेल तर मात्र जुळणी गेली आहे. या दोन्हींत फरक असतो आणि तो पडद्यापासून हातभर अंतरावर उभं राहिलं की डोळ्यांना सरळ दिसतो. तुम्ही दोन्ही एका वाक्यात कोंबलीत आणि निष्कर्ष काढून मोकळे झालात.

आणखी एक शक्यता उरते. एखाद्या संध्याकाळी अचानक रेघा धनुष्यासारख्या वाकल्या, लाल चित्र एकीकडे आणि निळं भलतीकडे गेलं, आणि मेनूतून ते काही केल्या जागेवर येत नाही, तर कन्व्हर्जन्सच्या आयसी (त्या वेटोळ्यांना प्रवाह पुरवणाऱ्या चिप) गेल्या असं समजायचं. अशा टीव्हीचा हा नेहमीचा आजार आहे. मोठ्या हीटसिंकवर बसवलेल्या असतात, भरपूर तापतात आणि वयोमानाने जातात. जाताना आसपासचे एकदोन रेझिस्टर घेऊन जातात. बदलल्या की टीव्ही पूर्ववत होतो. माझ्याही सेटमध्ये हे झालं. पहिल्याने ज्या मेकॅनिकला बोलावलं त्याने उघडूनही न बघता 'पडदा गेला, फेकून द्या' असं सांगितलं. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला त्याचीच आठवण झाली. त्या आयसी मग मी स्वतः बदलल्या, रेझिस्टर मोजून बघितले, आणि तोच 'गेलेला' पडदा आज माझ्यासमोर आहे.

तंत्रच सदोष म्हणता, तर कुठलं तंत्र? डीएलपी रिअर प्रोजेक्शन टीव्हीत एकच चिप असते, तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ती चिप शोधली. तिथे तीन रंग फिरत्या चाकातून एकामागून एक येतात, ते सगळे त्याच आरशांवरून पडद्यावर पडतात. म्हणजे एकमेकांवर बसवायला तीन चित्रंच नाहीत, कन्व्हर्जन्सचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची दुखणी वेगळी आहेत: काही जणांना नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, आणि दिवा ठरावीक तास चालला की मंदावतो, बदलावा लागतो. तीन एलसीडी पॅनलवाल्यांची आणखी वेगळी. तुम्ही एक ट्यूबवाला सेट पाहिलात, तोही न जुळवलेला, आणि सगळ्या जातीवर शिक्का मारलात. यात अभ्यास कुठे आहे?

लोगो उमटण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. फॉस्फर जळतो, हे ट्यूबच्या बाबतीत खरं आहे, आणि त्यावर मी एकच ओळ लिहिली होती. आणखी दोन लिहायला हरकत नव्हती. तेव्हा इथे लिहितो: कॉन्ट्रास्ट कारखान्यातून कमाल करून आलेला असतो, तो निम्म्याच्या आसपास आणा. यामुळे फॉस्फर वाचतो, किरण पसरत नाही म्हणून रेघ धारदार होते, आणि ट्यूबसमोरचं कूलंट, म्हणजे ट्यूब थंड ठेवणारा द्रव, तोही कमी तापतो. बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास चालू ठेवायची असेल तर हा टीव्ही घेऊ नका. झालं?

उभं राहिल्यावर काळं पडणं, दिवसा न दिसणं यांवर फार लिहायची गरज वाटत नाही. या पडद्याच्या मागे फ्रेनेल लेन्स असते, ती पसरत जाणारा प्रकाश सरळ करते. पुढे बारीक उभ्या खाचांचा थर असतो, तो प्रकाश डावीकडे उजवीकडे पसरवतो. वर आणि खाली मुद्दामच कमी पसरवतो, कारण बघणारा माणूस छताला किंवा जमिनीला चिकटलेला नसतो. डोळे पडद्याच्या मधल्या उंचीला येतील असं बसायचं. मी चित्रपट बसून बघतो. तुम्ही उभ्याने बघत असाल तर तुमची अडचण खरी आहे, पण तिचा दोष माझ्या लेखाला देऊ नका.

कंपन्यांनी बंद केले, हेही वाक्य तुम्ही फार विजयी थाटात लिहिलंय. सोनीने २००८ मध्ये हे टीव्ही बनवणं थांबवलं. मित्सुबिशीने मात्र त्याच वर्षी लेझर प्रकाशाचं मॉडेल आणलं आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत ती टिकून होती. सपाट पॅनल मोठी आणि स्वस्त झाली, ती भिंतीवर टांगता येतात, आणि हे धूड जमिनीवर जागा अडवतं. बाजार त्या बाजूला गेला. त्यावरून चित्राची प्रत ठरत नाही. अंधाऱ्या खोलीत जुळवलेल्या ट्यूबचा काळा रंग पाहिल्यावर साध्या एलसीडीवरची रात्र मला करडी दिसते. तुम्हाला तशी दिसत नसेल तर तुमची आवड वेगळी आहे, एवढंच म्हणा. माझी समजूत काढायला येऊ नका.

मला खरा राग आला तो 'स्वस्तात मिळालं म्हणून' या शब्दांचा. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने घेतलेल्या वस्तूचं नीट मूल्यमापन करू नये, तिच्याबद्दल गंभीरपणे लिहू नये, असं तुमच्या लिहिण्यातून निघतं. महागड्या सेटची समीक्षा लिहिणारे भरपूर आहेत. कमी पैशात मोठा पडदा हवा असलेल्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही की घेण्यापूर्वी सेट बंद करून लेन्समध्ये टॉर्च मारून बघ, आतलं कूलंट ढगाळ झालंय का. कुणी सांगत नाही की एकेक रंग वेगळा लावून बघ, जळलेला डाग नेमका कोणत्या ट्यूबवर आहे ते कळेल. मी सांगितलं. आणि तुम्ही त्याला आरती ओवाळणं म्हणता.

तुमचा सेट अजून घरात असेल तर एक करा. अर्धा तास चालू ठेवा, जाळी लावा, मधल्या भागाचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो काढून पाठवा. दोष जुळणीचा आहे, फोकसचा आहे की आयसीचा, ते मी बघून सांगेन. सर्व्हिस मेनूत शिरण्याआधी प्रत्येक आकडा कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर मागे फिरायला वाट राहणार नाही. आत हात घालणार असाल तर ट्यूबपाशी ३०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो, तेव्हा माहितगार माणूस सोबत घ्या. आणि आतला आरसा कोरड्या फडक्याने पुसू नका. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, एक ओरखडा पडला की तो पडद्यावर कायमचा दिसत राहतो.