‘लाकडी पेटी सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजमधला एकेक मुद्दा

बडोद्यातल्या आपल्या मराठी कारखानदारांच्या आणि डिस्पॅचवाल्यांच्या गटांत सध्या एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘लाकडी पेट्या बंद करा. परदेशात लाकडावर बंदी आहे. शिक्का असला तरी सहा महिन्यांत बाद होतो. कीड मारायला त्यावर विषारी गॅस सोडतात. एका पेटीमागे एक झाड जातं. वजनामुळे भाडं दुप्पट होतं आणि आत माल गंजतो. प्लास्टिक किंवा पुठ्ठा वापरा.’ मकरपुऱ्यातल्या एका ओळखीच्या कारखान्याने हे वाचून आपल्या पेटीवाल्या मिस्त्रींची पुढची ऑर्डर थांबवली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी डिस्पॅचचंच काम करतो आणि बंद झालेली ऑर्डर म्हणजे कोणाच्या तरी घरचा महिना, हे मला माहीत आहे.

‘परदेशात लाकडावर बंदी आहे.’ नाही. अट आहे, बंदी नाही. आणि ती अट का आली हे कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

कच्च्या लाकडात भुंगे, अळ्या आणि सूत्रकृमी दडून बसतात आणि पेटीबरोबर समुद्र ओलांडतात. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला. तो चीनकडून आलेल्या मालाच्या लाकडी बांधणीतून आला असं मानलं जातं. तो आवरायला तिथे हजारो झाडं तोडावी लागली. १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये पाइनची झाडं सुकवणारा सूत्रकृमी सापडला. अशा अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ साली आयएसपीएम-१५ हा नियम आला. पेटी, पॅलेट आणि कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून मध्ये ठोकलेले ओंडके, या सगळ्या कच्च्या लाकडावर ठरलेला उपचार करायचा आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा. आपल्याकडे शिक्क्यात देशासाठी ‘आयएन’, मग उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि शेवटी उपचाराची खूण असते. ही नोंदणी फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या व्यवस्थेतून होते. प्लायवुड बनताना उष्णता आणि दाब सोसून येतं, म्हणून ते या नियमातून मोकळं आहे. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूडही मोकळं आहे. म्हणजे प्लायची पेटी असेल, तर प्रश्न उरतो तो तिच्या पट्ट्यांचा आणि स्किडचा, म्हणजे पेटीखालच्या जाड आधार-लाकडांचा.

खरा घोटाळा इथेच होतो. शहरातल्या एका कारखान्याची पेटी व्यवस्थित शिक्क्याची होती. कंटेनर भरताना मात्र कोणीतरी वखारीतून उचललेले चार बिनशिक्क्याचे ठोकळे मशीनला आधार म्हणून ठोकले. माल अमेरिकेच्या बंदरात अडकला. नियम मोडणारं लाकूड तिथे उपचार करून चालवून घेत नाहीत, परत पाठवायला लावतात. त्या ठोकळ्यांची किंमत शंभर-दोनशे रुपये असेल. ‘लाकडावर बंदी आहे’ ही अफवा अशाच एखाद्या प्रसंगातून निघाली असावी. मुलगा टोरांटोला कायमचा निघाला म्हणून दांडिया बाजारातून देव्हारा, समया आणि पितळी भांडी पेटीत भरून पाठवणाऱ्या घरालाही हाच नियम लागू आहे. पेटीवाल्याला विचारताना फक्त पेटीचं नाही, आतल्या प्रत्येक ठोकळ्याचं विचारावं.

‘शिक्का सहा महिन्यांत बाद होतो.’ आयएसपीएम-१५ मध्ये शिक्क्याला मुदत नाही. पेटी आहे तशी राहिली, तर तो शिक्का पाच वर्षांनीही चालतो. बदल होतो तो दुरुस्तीत. पेटीचे तुकडे बदलले तर बदललेलं लाकूड उपचार केलेलं असावं लागतं. एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलला तर जुने शिक्के पुसून पुन्हा उपचार आणि नवा शिक्का, हाच मार्ग. मुदतीची भीती घालून जुन्या चांगल्या पेट्या भंगारात काढायला लावणारे आपल्या खिशातून पैसे काढतात. आणि स्टेन्सिल कापून स्वतःच शिक्का मारणारे तर गुन्हाच करतात. लोंबी छापायला काही लागत नाही, पण आत अळी निघाली तर तो डाग एका पेटीवर राहत नाही, इथल्या प्रत्येक निर्यातदारावर बसतो. मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते.

‘विषारी गॅस सोडतात.’ हे अर्धं खरं आहे. मिथिल ब्रोमाइडची धुरी देण्याची पद्धत नियमात आहे आणि तिच्या शिक्क्यावर ‘एमबी’ असं लिहिलेलं असतं. तो वायू ओझोनच्या थराला घातक आहे. मॉन्ट्रियल करारात त्यावर बंधनं आहेत, क्वारंटाइनच्या, म्हणजे परकी कीड रोखण्याच्या, कामाला सवलत आहे, आणि युरोपीय संघाने २०१० पासून त्याचा वापर बंद केला. पण दुसरा मार्ग उष्णतेचा आहे. त्यात लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन सलग ३० मिनिटं टिकवतात. शिक्क्यावर ‘एचटी’ येतं. यात रसायन काहीच नाही. गॅस नको असेल तर ऑर्डरमध्ये ‘एचटी’ लिहा, एवढंच करायचं आहे. पैसे देण्याआधी भट्टीच्या तापमानाची नोंद मागायला विसरू नका. तपमापकाची सुई सगळ्यात जाड फळीच्या मधोमध होती का, हे विचारा. भट्टीतली हवा ५६ अंशांची असणं आणि गाभा ५६ अंशांचा असणं यात फार फरक आहे.

‘एका पेटीमागे एक झाड.’ आपल्या भागातल्या पॅकिंगमध्ये पाइन मोठ्या प्रमाणात लागतं आणि त्यातलं बरंच कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या करवती गिरण्यांतून कापून येतं. त्यात न्यूझीलंडसारख्या देशांतला रेडिएटा पाइनही असतो. तो जंगलात तोडलेला नसतो, लावलेल्या शेतातला असतो, कापला की पुन्हा लावतात. निलगिरी आणि पॉप्लर हीसुद्धा शेताच्या बांधावर उगवणारी झाडं. फर्निचरला नको असलेलं गाठीचं, हलक्या दर्जाचं लाकूडच पेटीत जातं. आंब्यासारखं देशी लाकूडही वापरात येतं. ते कुठून आलं, परवाना होता का, हे विचारायलाच हवं आणि ते विचारणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने लाकडाऐवजी पुठ्ठा सुचवला आहे. पुठ्ठाही बहुतेक लाकडाच्याच लगद्यापासून किंवा त्याच्या रद्दीपासून होतो.

‘वजनामुळे भाडं दुप्पट होतं.’ इथे हिशेब करू. १२० × १०० × ८० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर प्लायची पेटी पट्ट्या आणि स्किड धरून साधारण ६० किलो भरते. आत ३०० किलोचं मशीन. एकूण ३६० किलो, आकारमान ०.९६ घनमीटर. समुद्रमार्गे सामायिक कंटेनरमध्ये एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. म्हणजे भाडं ०.९६ घनमीटरवर लागेल. पेटीच्या ६० किलोंनी एक पैसाही वाढणार नाही. अख्खा कंटेनर घेतला तर प्रश्नच नाही. विमानाने पाठवलं तर मात्र ६० किलो मोजावे लागतात, कारण घनसेंटिमीटरला ६००० ने भागून येणारं आकारी वजन इथे १६० किलो आणि खरं वजन त्याच्या दुप्पटीहून जास्त. तिथे हलकी चौकट आणि जाळीची क्रेट हवी. समुद्रात खर्च वाचवायचा असेल तर वजन नाही, पेटीतला रिकामा कोपरा कमी करा.

प्लास्टिकबद्दल माझा विरोध नाही. हालोलहून सावली-मंजुसरला रोज एकच सुटा भाग जातो आणि रिकामी पेटी त्याच टेम्पोतून परत येते, तिथे घडीची प्लास्टिक क्रेट लाकडाला हरवते. टांझानियाला गेलेली क्रेट मात्र परत येत नाही. शिवाय ती फुटली तर तिथल्या माणसाला ती दुरुस्त करता येत नाही. लाकडी पेटीला हातोडा, खिळे आणि एक फळी पुरते. पुठ्ठा हलक्या, कोरड्या मालाला उत्तम आहे. पण दमट हवेत तो ओलावा शोषतो आणि थप्पीचं वजन पेलेनासा होतो. मुंद्रा बंदरात पावसाळ्यात कंटेनर थांबला असताना दोनशे किलोंच्या व्हॉल्व्हवर पुठ्ठा कोण ठेवेल?

‘आत माल गंजतो.’ यातलं खरं असं की ओल्या लाकडाच्या पेटीत माल नक्की गंजतो. दिवसा कंटेनर तापला की लाकडातलं पाणी हवेत येतं, रात्री छत थंड झालं की तेच थेंब होऊन मालावर पडतं. पण हा दोष वाळवलेल्या लाकडाचा नाही. ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा, आणि तो मोजायचं सुईचं मीटर महाग नसतं. मालाभोवती गंजरोधक व्हीसीआय फिल्म, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि लांबच्या प्रवासाला ओलावा अडवणारी ॲल्युमिनियमची फिल्म. मशीनचा पाया स्किडला बोल्टने कसायचा, दोरीने बांधून सोडायचं नाही. खिळा फळीच्या टोकात धाग्याच्या दिशेने मारला की तो हिसक्यात उपटतो, म्हणून तिथे स्क्रू किंवा बाजूने आडवा खिळा. कोपऱ्यात तीन पट्ट्या एकमेकींना अडवून बसवल्या तर पेटी वाकत नाही, आणि फळ्यांच्या पेटीत बाजूंना तिरकी पट्टी नसेल तर फोर्कलिफ्टने ढकलताच ती चौकोन सोडते.

बडोद्याला हे शिकवायची गरज नसावी. इथे बनलेले मोठे ट्रान्सफॉर्मर पेटीत जात नाहीत, टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून लो-बेड ट्रेलरवर जातात, वर धक्के नोंदवणारं यंत्र. पण त्यांचे पोर्सलेनचे बुशिंग, म्हणजे टाकीतून वीज बाहेर काढणारे इन्सुलेटर, वेगळ्या लाकडी पेटीत जातात, दोन्ही टोकांना आकाराप्रमाणे कोरलेल्या आधारांवर. ती कोरीव खोबण मिस्त्री हाताने, प्रत्येक बुशिंगच्या मापाने घासतो. ऑर्डर थांबवलेल्या त्या कारखान्याचे मालक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना मी सांगितलं आहे की मिस्त्रींना बोलवा, त्यांच्याकडची ‘एचटी’ची नोंद आणि ओलाव्याचं मीटर समोर ठेवायला सांगा, आणि ते दाखवता आलं तर पुढच्या बुशिंगची पेटी त्यांच्याकडूनच करून घ्या.