समाची आई आणि माझ्या माहेरचा भोंगा

माझं माहेर वरणगावचं. भुसावळजवळचं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं गाव. अण्णांची अख्खी नोकरी तिथेच झाली. फॅक्टरीत बंदुकीची काडतुसं बनतात, हे आम्हा पोरांना माहीत होतं, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. आम्हाला ठाऊक होता तो भोंगा. भोंगा झाला की माय तवा ठेवायची आणि मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. अण्णांची सायकल दिसायची, हँडलला अडकवलेला रिकामा डबा खडखडत यायचा. भोंगा म्हणजे अण्णा घरी आले, एवढंच.

२०२५ च्या आखाजीला मी माहेरी होते. पोरगी सात महिन्यांची. ऊन फार म्हणून मायने आठवडाभर जास्त ठेवून घेतलं. ७ मेला सकाळी उठलो तर टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर. त्याच दिवशी देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल ठरलेलं, आणि यादीत भुसावळचं नाव. रात्री अण्णांनी घरातले सगळे लाईट बंद करायला लावले. कुणी सांगितलं नव्हतं. ७१ च्या लढाईत त्यांच्या घरी काचांना काळा कागद चिकटवलेला होता, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अंगणातला बल्बसुद्धा ठेवला नाही. त्या अंधारात मी मोबाईल काढून पोरीचा व्हिडिओ घ्यायला लागले. माय म्हणाली, "काहून घेते व? दिसतंय का काही?" दिसत नव्हतंच. मला तेव्हा उत्तरही देता आलं नाही.

परवा 'फॉर समा' ही डॉक्युमेंटरी फिल्म पाहिली आणि ते उत्तर सापडल्यासारखं वाटलं. म्हणून हे लिहितेय.

सीरियातल्या अलेप्पो शहरात वाद अल-कतीब नावाची मुलगी विद्यापीठात शिकत होती. राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदच्या सरकारविरोधात आंदोलन उभं राहिलं आणि तिने मोबाईलवर चित्रण सुरू केलं. पुढे हातात कॅमेरा आला. आंदोलनातल्याच हमज़ा नावाच्या डॉक्टरशी लग्न झालं. १ जानेवारी २०१६ ला त्यांना मुलगी झाली. नाव समा, म्हणजे आकाश. ज्या शहरावर आकाशातूनच बॉम्ब पडत होते तिथल्या आईबापांनी पोरीला हे नाव दिलं, यावर मी बराच वेळ थांबले होते.

एप्रिल २०१६ मध्ये हमज़ाचं अल-कुद्स हॉस्पिटल हवाई हल्ल्यात पडलं. लहान मुलांचे डॉक्टर मोहम्मद वसीम मआझ त्यात गेले. समा तेव्हा चार महिन्यांची. नंतर दुसऱ्या इमारतीत पुन्हा हॉस्पिटल उभं केलं, आणि हे कुटुंब हॉस्पिटलमध्येच राहत होतं. खिडकीला वाळूच्या गोण्या, खाली जखमी येतायत, वर समाचं दूध. वाद सगळं टिपत राहिली. पाचशे तासांच्या वर चित्रण जमलं, त्यातून ती फिल्म झाली.

मला त्यातले बॉम्ब तितके आठवत नाहीत. आठवतं ते हे, की धमाका होतो, सगळे धावतात आणि समा रडत नाही. नुसती बघते. आईलाच ते सहन होत नाही. माझी पोर कुकरच्या शिट्टीला दचकते, ओठ बाहेर काढते आणि मग भोकाड पसरते. तिचं ते रडणं ऐकताना आता मला फार बरं वाटतं. ज्या लेकराला आवाजाची भीती वाटते, त्याचं घर अजून शाबूत असतं.

आणखी एक. सरकारी फौजांनी शहराला वेढा घातलेला. त्यात भाजी नाही, फळ नाही. वादच्या शेजारच्या मैत्रिणीचा नवरा कुठून तरी एक पर्सिमॉन घेऊन येतो. एकच फळ. ते हातात घेऊन ती बाई जी फुलते! मी केळीच्या मुलखातली. भाव पडले की इथे केळीचे घड शेताच्या बांधावर सडताना पाहिलेत. त्या एका फळापाशी मला रडू आलं.

भिशीच्या बायकांना मी हे सांगितलं. पहिलाच प्रश्न, "अशी कशी आई ती? लेकराला घेऊन तिथे कशाला राहायचं?"

प्रश्न चुकीचा नाही. उलट फिल्मच त्या प्रश्नावर उभी आहे. वेढा पडायच्या सुमारास हे तिघं तुर्कस्तानात सासऱ्यांना भेटायला गेले होते. सुरक्षित होते. तिथून समाला घेऊन परत अलेप्पोत गेले. खरं सांगते, मी गेले नसते. आजही त्या प्रसंगाशी माझं जुळत नाही. आणि वाद स्वतःही ते झाकत नाही, पोरीलाच विचारते की तू मला माफ करशील का.

पण ताई, हमज़ाही परत गेला होता. त्याला कुणी 'असा कसा बाप' म्हटलं नाही. तो डॉक्टर, तो कर्तव्यावर. आणि कॅमेरा घेऊन उभी असलेली बाई काय हौसेला उभी होती? तिने टिपलं नसतं तर तिथे हॉस्पिटलं होती, त्यात बाळंतपणं होत होती, हे जगाने मानलं असतं का?

आपल्याकडे कपाशी वेचायला बाई जाते तेव्हा बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पोरं फडातच रांगायला शिकतात. आई जिथे कामाला, तिथे पोर. त्या बाईला आपण बेजबाबदार म्हणत नाही, कारण तिला दुसरा मार्ग नाही हे आपल्याला दिसतं. वादचं कामही तसंच काम होतं. साक्ष देणं हे काम आहे असं आपल्याला वाटत नाही, अडचण तिथे आहे.

गाझातल्या मरियम दग्गाचं उदाहरण बघा. ३३ वर्षांची फोटो पत्रकार. तिने मुलाला युद्धात आधीच अमिरातीत पाठवून दिलं होतं आणि स्वतः कामासाठी मागे राहिली. म्हणजे वादने केलं त्याच्या बरोबर उलट. २५ ऑगस्ट २०२५ ला खान युनिसच्या नासेर हॉस्पिटलवर इस्राईलच्या हल्ल्यात ती गेली, तिच्यासोबत आणखी चार पत्रकार. मागे मुलासाठी लिहिलेलं पत्र. त्यात तिने त्याला सांगितलंय की मोठा झालास, लग्न झालं, मुलगी झाली तर तिला माझं नाव दे. लेकराला जवळ ठेवलं तर अशी कशी आई, लांब पाठवलं तरी अशी कशी आई. मग तिने करायचं तरी काय?

समा वाचली. डिसेंबर २०१६ मध्ये शहर सोडावं लागलं, तेव्हा वाद दुसऱ्यांदा गरोदर होती. पुढे ते इंग्लंडला गेले. २०२४ च्या डिसेंबरात असदची सत्ताही गेली. समाला ते शहर आठवणार नाही, इतकी लहान होती ती. पण आपण कुठे जन्मलो, आपल्याभोवती कोण माणसं होती, त्यांनी आपल्याला कसं हसवलं, हे तिला बघता येईल. फिल्म आपल्यासाठी नंतर, आधी तिच्यासाठी आहे. पोरांचे व्हिडिओ आपणही रोज टाकतो. त्यातला किती भाग पोरांसाठी असतो, हे मी स्वतःला विचारायला लागले आहे.

मायच्या प्रश्नाचं उत्तर मी काल फोनवर दिलं. म्हटलं, त्या रात्री आपण सगळे तिच्याजवळ होतो, हे तिला कळावं म्हणून घेतला व्हिडिओ. माय म्हणाली, "मग मह्या आवाज आलाय का त्यात?"

आलाय. एक मिनिट चाळीस सेकंदांचा काळा पडदा, पंख्याची घरघर, पोरीचं मूठ चोखणं, आणि मध्येच माय म्हणतेय, "निज व बाई, निज."