मॉरिशसच्या बेटावर गहू नाही, हा भ्रम

मॉरिशसला निघालेल्या मराठी प्रवाशांमध्ये एक संदेश वरचेवर फिरतो. त्याचा मथितार्थ असा : ज्यांना ग्लूटेन (गहू, बार्ली यांसारख्या धान्यांतील प्रथिन) चालत नाही त्यांनी मॉरिशससारख्या बेटावर निश्चिंत राहावे, कारण तेथे गहू पिकत नाही आणि लोक भात, मासे व नारळ खातात, रस्त्यावरचे पदार्थ डाळीचे असतात, सहलीबरोबर आपलाच स्वयंपाकी असेल तर प्रश्नच मिटला, आणि आठ दिवसांत थोडेफार पोटात गेले तरी काही बिघडत नाही. आमच्या घरात सीलिअ‍ॅकचे, म्हणजे ग्लूटेन न चालण्याच्या आजाराचे, निदान झालेली व्यक्ती असल्यामुळे हा संदेश आमच्यापर्यंत निरनिराळ्या नातेवाइकांकडून, अर्थात प्रेमानेच, तीनदा आला. म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे भाग आहे.

गहू तेथे पिकत नाही, हे खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण भाताच्या बाबतीतही परिस्थिती तीच आहे. मॉरिशसची बहुतेक शेतजमीन फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश राजवटीपासून उसाखाली गेली. तांदूळ आणि गहू हे दोन्ही बोटीनेच येतात. ज्या बेटाला आपले मुख्य धान्य समुद्रापलीकडून आणावे लागते, तेथे काय पिकते यावरून ताटात काय येते हे ठरवता येत नाही. फ्रेंचांनी रुजवलेला पाव तेथे इतका रोजचा आहे की त्याचा दर सरकार ठरवून देते. सकाळी बेकरीतून पाव नेणारी माणसे पाहिल्यावर ‘सगळे भातच खातात’ हे वाक्य कोणी लिहिणार नाही.

डाळीच्या पदार्थांविषयीचे विधान मात्र सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. मॉरिशसचा सर्वांत लाडका रस्त्यावरचा पदार्थ म्हणजे ‘ढोल पुरी’. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांमध्ये भोजपुरी भाषक मोठ्या संख्येने होते. त्यांची दालपुरी बेटावर गेली आणि तिचे हे रूप झाले. नावात डाळ आहे, आत शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळही आहे, पण वरचे आवरण मैद्याचे आहे. पुरण डाळीचे असते म्हणून पुरणपोळीत गहू नसतो, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही; ढोल पुरीबाबत मात्र नेमके तेच म्हटले जात आहे. ती सहसा जोडीने घेतली जाते, म्हणजे एका नाश्त्यात दोन मैद्याच्या पोळ्या. ‘फराटा’ हा तर सरळसरळ पराठाच आहे.

‘गातो पिमां’, म्हणजे मिरची घातलेले छोटे डाळवडे, हे घटकांच्या दृष्टीने बहुधा निर्धोक असतात. तरीही एक प्रश्न उरतो, तो कढईचा. त्याच तेलात समोसे तळले जातात आणि बेसनात बुडवलेला पावही तळला जातो. वडा निर्दोष असला, तरी तेल नसते.

भाताविषयीही एक सावधगिरी हवी. मॉरिशसमधील चिनी वंशाच्या लोकांमुळे परतलेला भात आणि ‘बोल रांवेर्से’ (वाडगा उलटा करून वाढलेला भात, वर अंडे) घराघरांत पोहोचले आहेत. दोन्हींत सोया सॉस असतो, आणि पारंपरिक पद्धतीने आंबवलेल्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही असतो. पांढरा भात ठीक, रंग आलेला भात विचारून.

आपला स्वयंपाकी बरोबर असला की झाले, हे विधान वाचून आम्हांला हसू आले, कारण आमच्या घरात पहिली चूक परदेशात नव्हे, तर आमटीच्या फोडणीत झाली होती. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध हिंग नसतो. त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. शिवाय पोळ्या लाटल्या त्याच ओट्यावर तांदळाची भाकरी थापली, तर ती भाकरी कामाची राहत नाही.

राहिले शेवटचे विधान, ‘थोडेफार चालते’. सीलिअ‍ॅक ही अपचनाची तक्रार नाही. ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, आणि त्यावर आजन्म पथ्य हाच उपचार आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना 14 दिवस रोज किमान 3 ग्रॅम ग्लूटेन दिले असता त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आतड्यात बदल दिसून आले. ढोल पुरीच्या एका जोडीतून तेवढे ग्लूटेन सहज पोटात जाते. ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी भारतातही मर्यादा आहे ती किलोमागे 20 मिलिग्रॅमची, यावरून ‘थोडे’ या शब्दाचा येथील अर्थ लक्षात यावा. पोट दुखले नाही म्हणजे इजा झाली नाही, असेही समजता येत नाही.

याचा अर्थ तेथे उपाशी राहावे लागते, असा मात्र नाही. साधा भात, मसुरीची डाळ, पालेभाजी, टोमॅटो-कांद्याचा ‘रुगाय’ आणि ऑक्टोपसचे कालवण यांत मुळात पीठ लागत नाही. मोहरी-हळदीतला ‘विंदाय’ मासा घेताना तो आधी पिठात घोळवून तळला आहे का, एवढे विचारावे. मिरची-मीठ लावलेला अननस तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. महेबूर येथे 1870 साली सुरू झालेल्या कारखान्याची बिस्किटे गव्हाची नसून कसाव्याची (ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाची) असतात. बिअर बार्लीची, म्हणून वर्ज्य; उसाच्या रमला ते बंधन नाही. आणि विचारताना ‘ग्लूटेन’ हा शब्द टपरीवर कळेलच असे नाही, त्यामुळे पिठाचे नाव घ्यावे. क्रेओलमध्ये, म्हणजे तेथील बोलीत, पीठ म्हणजे ‘लाफारिन’. आम्ही एकच वाक्य पाठ केले होते : ‘एना लाफारिन लादां?’ यात पीठ आहे का? ढोल पुरीवाल्याने आमच्याकडे अविश्वासाने पाहिले, आणि मग हसून तव्यावरच्या पुरीकडे बोट दाखवले.