‘ओळखीच्यांना ५०, आम्हाला ९०’ या अभिप्रायावर मालकाकडून

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. रविवारी आमच्याकडे कॅनास्टा हा पत्त्यांचा खेळ खेळताना तुमचा आणि वहिनींचा मूड गेला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पोहे गार होते हे मान्य. इंदुरात गार पोहे वाढणं हा गुन्हाच आहे, वरून कितीही जीरावन मसाला घाला.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, “मालक ओळखीच्यांना एक नियम लावतात आणि नवीन माणसाला दुसरा. आम्ही जिंकत होतो म्हणून मुद्दाम अडवलं, म्हणजे खेळ लांबतो आणि तासाचे पैसे वाढतात.” हे मात्र मनाला लागलं. आमची जागा लहान. लोक नाव काढतात म्हणून गिऱ्हाईक येतं. तुमचा एक तारा आता सगळ्यात वर दिसतो. वाढदिवसाच्या बुकिंगसाठी फोन केलेल्या एका ताईंनी मला पहिला प्रश्न तोच विचारला, “तुमच्याकडे नियम बदलतात म्हणे?” म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅनास्टा चौघांचा खेळ, दोन-दोन भिडू समोरासमोर. तुम्ही दोघंच आलात, म्हणून रामबागेतल्या दोन काकांना मी विनंती केली. ते नेहमीचे आहेत हे खरं. नवीन माणसाला शिकवत शिकवत खेळायला किती जण तयार होतात, सांगा!

तिसरा डाव वाटला तेव्हा तुमच्या बाजूचे १६२० गुण होते, काकांचे ११४५. तुम्ही दोन राजे आणि एक जोकर खाली मांडलेत. दहा, दहा आणि पन्नास, झाले ७०. मी म्हटलं, साहेब, उचला, ९० लागतात. आणि पुढच्याच फेरीला काकांनी तीन एक्के मांडून ६० वर सुरुवात केली, तेव्हा मी गप्प बसलो. तुम्हाला खटकलं ते हेच ना?

त्याचं कारण पाटीवर लिहिलेल्या गुणांतच होतं. डावातली पहिली मांडणी, म्हणजे सारखी पानं जुळवून पहिल्यांदा खाली ठेवणं, किती गुणांची हवी, हे त्या बाजूचे आधीचे गुण बघून ठरतं. १४९५ पर्यंत ५०. १५०० ते २९९५ असतील तर ९०. ३००० झाले की १२०. शून्याच्या खाली गेलेल्याला तर १५ पुरतात. जो पुढे गेला त्याला उंबरठा उंच. कारण पहिली मांडणी होईपर्यंत टाकलेल्या पानांचा मधला उघडा ढीग त्या बाजूला जवळजवळ बंदच असतो. वरच्या पानाची नैसर्गिक जोडी, म्हणजे जोकर-दुर्री न धरता तशीच दोन पानं, हातात असेल आणि किमान गुण भरत असतील, तरच उचलता येतो. या खेळात माणूस श्रीमंत होतो तो ढिगावर. पुढे असलेल्यालाच तो सहज मिळत गेला, तर मागच्यांनी नुसतं बसून बघायचं का? म्हणजे तुम्हाला ९० लागले ते तुम्ही जिंकत होता म्हणूनच, तेवढं तुमचं बरोबर आहे! फक्त ते मी ठरवलेलं नाही. हा खेळ १९३९ साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात सेगुंदो सांतोस आणि अल्बेर्तो सेर्रातो यांनी बसवला. छापील नियमांत ही पायरी आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासात मी ती सांगितलीही होती. तेव्हा तुम्ही फोनवर होता, वहिनी ऐकत होत्या.

तुम्ही असंही लिहिलंय की समोर ठेवलेल्या लाल तिर्रीचे १०० धरले असते तर प्रश्नच नव्हता. तिर्रीचे १०० मिळतात, पण डाव संपल्यावर, हिशेबात. पहिल्या मांडणीत ते धरत नाहीत. सोबत तीन सत्त्या धरायच्या तर आधीचे ७० आणि त्यांचे १५ मिळून ८५. पुन्हा पाच कमीच.

आता एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही पत्ते टेबलावर आपटलेत तेव्हा ते उघडे पडले आणि त्यात एक दुर्री होती. दुर्रीसुद्धा जोकरसारखीच चालते, तिचे २०. दोन राजे, एक जोकर, एक दुर्री. बरोबर ९०, एकही कमी नाही. तुमची मांडणी तुमच्याच हातात होती! हात उघडा पडल्यावरच आम्हाला ते दिसलं, आणि आधी दिसलं असतं तरी मला बोलता आलं नसतं. दुसऱ्याच्या हातातलं पान सांगणं हे आमच्याकडे चालत नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या डावात वहिनींना मोठ्याने विचारलं होतं, “तुझ्याकडे राणी आहे का?” भिडूला विचारता येतं ते एवढंच, की मी डाव संपवू का, आणि त्यावर तो हो म्हणो की नाही, ऐकावं लागतं. काकांनी तेव्हा हसून सोडून दिलं. सूट द्यायचीच म्हणाल तर त्या दिवशी ती तुम्हालाच मिळाली.

पैशांचं एका ओळीत. तुम्ही साडेअकरा ते दोन बसलात, शिकवण्याचा अर्धा तास आम्ही धरत नाही, बिल दोन तासांचं आहे, तीनचं नाही. बिलावर वेळ छापलेली आहे.

आणि त्या आपटाआपटीत किल्वरची अठ्ठी चहाच्या कपात गेली. तिच्या पाठीवर तपकिरी गोल डाग बसलाय. दोन कॅट आणि चार जोकर मिळून १०८ पत्ते लागतात, त्यातला एक पाठीकडून ओळखू यायला लागला की सगळा जोड बाद. मी त्याबद्दल तुम्हाला चकार शब्द बोललो नाही, बिलातही लावलं नाही. अभिप्रायात ‘मालकांचं वागणं उद्धट’ हे वाचलं तेव्हा ती अठ्ठी माझ्यासमोर गल्ल्यावरच पडली होती.

असो. ५०, ९०, १२० चा तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून घेतो आहे, पोह्यांचंही काहीतरी बघतो.

डाव अर्धाच राहिला आहे, गुणांची पाटी मी पुसलेली नाही. काका विचारत होते, “ते जोडपं पुन्हा येणार का?” तुम्ही अजूनही ४७५ ने पुढे आहात. यायचं झालं तर रविवारी अकराच्या आधी या, तेव्हा पोहे नुकतेच उतरलेले असतात. आणि अभिप्रायातलं बाकी सगळं राहू द्या, पण ‘नियम बदलतात’ एवढं वाक्य काढता आलं तर बघा.

— मालक