दुखा, पण बेताने

दुखणं जुनं करायचंच ठरवलं असेल तर आधी निवड नीट करा. हाड मोडून घ्या. प्लास्टर दिसतं, त्यावर पोरं सह्या करतात, बँकेतला शिपाईसुद्धा उठून खुर्ची देतो. कंबर, मान, नस असल्या भानगडीत मुळीच पडू नका. ते दिसत नाही, आणि न दिसता मान मिळवणं आपल्याकडे फक्त देवाला जमतं.

तरीही कंबरच वाट्याला आली असेल तर निदान रीतीने दुखा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली, तिच्यात तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला स्वतःचा कोड मिळाला आहे. म्हणजे जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, तुमचं दुखणं हा रीतसर आजार आहे आणि इथे नागपूरच्या मानेवाड्यात तो आळस आहे. यात जिनिव्हावाल्यांवर विसंबू नका, त्यांना तुमच्या घरी कुलरमध्ये पाणी भरायला यायचं नसतं.

दवाखान्यांचा आपल्या शहरात तोटा नाही. धंतोली, रामदासपेठेत पाटी वाचत निघालात तर शरीराचा एकही अवयव सुटणार नाही. तोटा आहे तो गाडी लावायच्या जागेचा. हाडांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल तर कुरकुर करू नका. ती पहिली तपासणीच समजा. आत गेल्यावर विचारतील, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? इथे घाई नको. दहा म्हणालात तर डॉक्टर चष्म्यावरून बघतील: दहावाला माणूस जिना चढून, चप्पल बाहेर काढून, टोकन नंबर लक्षात ठेवून आलाच कसा? चार म्हणालात तर पॅरासिटामॉल आणि महिन्याने दाखवा. सात म्हणा. सात हा खानदानी आकडा आहे. फक्त दर खेपेला सात सांगू नका; फाइलमध्ये ओळीने सात-सात-सात दिसलं की याला काहीच लागू पडत नाही असं ठरतं आणि पुढची चिठ्ठी मानसोपचाराची निघते. (त्या डॉक्टरकडे गेल्याने पुष्कळदा फायदा होतो, हे खरं. पण घरी कसं सांगणार?) मध्ये एकदा सहा द्या. डॉक्टरांनाही हुरूप लागतो.

खरा आकडा कुणाला हवाच असेल तर त्याने सकाळी मोजा घालताना बघायला यावं. पलंगाच्या काठावर बसायचं. पाय वर येत नाही, म्हणून मोज्याचं तोंड दोन बोटांनी फाकवून फरशीजवळ न्यायचं आणि नेम धरून अंगठा आत घालायचा. अंगठा गेला की टाच फरशीवर घासत घासत पाय पुढे सरकवायचा, मोजा आपोआप चढतो. शिवण पायाखाली फिरते, ती तशीच राहू द्यायची. यात श्वास रोखला तर कळ कमी येते, पण मग सोडताना येते. हे दहापैकी किती ते तुम्हीच ठरवा आणि सात सांगा.

एमआरआयची फिल्म जपून ठेवा, पण तिच्यावर फार जीव लावू नका. 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा तो अभ्यास होता. वीस वर्षांच्या माणसांत सुमारे 37 टक्के आणि ऐंशी वर्षांच्यांत 96 टक्के जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, आणि तक्रार कुणाचीच नव्हती. उलटही होतं, फिल्म स्वच्छ आणि माणूस आडवा. ही माहिती चारचौघांत अजिबात काढू नका. रिपोर्टात खराबी असली तर लोक म्हणतील, "हे तं सगळ्यांनाच असते." नसली तर म्हणतील, "काहीच तं नाही निघालं बाप्पा!" दोन्ही वेळा मान डोलवा. मानेचं दुखणं असेल तर नुसतं हसा.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, नुसतं दुखणं हा त्यातला नाही. सवलतींसाठी 40 टक्के भरावे लागतात, आणि ते भरतात हात किती उचलतो, पाय किती वाकतो यावरून. तुमचा पाय वाकतो. वाकताना काय होतं, याला रकाना नाही.

उपाय मात्र कुणाचेही नाकारू नका. सांगणाऱ्याला वाईट वाटतं, आणि दुखणेकऱ्याचं मुख्य काम दुसऱ्याला वाईट वाटू न देणं हेच तर आहे. मावशी बिब्ब्याचा चटका घ्यायला सांगेल, काका निर्गुडीचा शेक, वरच्या मजल्यावरचे काकाजी रुईचं पान तव्यावर गरम करून बांधायला. कुणी उमरेड रोडवरच्या हाडवैद्याचा पत्ता देईल, जो म्हणे मणका हाताने बसवतो. सगळ्यांना "करून पाहतो" म्हणा. शिवाय नागपूरकरांना पीडा घालवायची सोय घरबसल्या आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि ती गावाबाहेर नेऊन जाळतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली सेवा आहे ही, फी नाही, अपॉइंटमेंट नाही. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, असतात. एल-फोर एल-फाइव्हचा, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचा, बडग्या अजून कुणी काढलेला नाही, पण वर्गणी द्यायची तयारी असेल तर विचारायला हरकत नाही. स्वतः मात्र जाऊ नका. त्या गर्दीत मागून एक धक्का बसला तर पीडा जायच्या ऐवजी बसायला जागा मागेल.

गोळ्यांबद्दल थोडं. प्रिगॅबॅलिन नसेची कळ बोथट करतं आणि जमल्यास तुम्हालाही. दिवसा डुलकी, उठताना भोवळ, वजनात वाढ. मग पुढच्या खेपेला तोच डॉक्टर प्रेमाने म्हणतो, वजन कमी करा, मणक्यावर ताण येतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोष्ट त्याहून मनोरंजक आहे. ते दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बनवणं बंद केलं. माणसांसाठी चालू आहे. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, आणि मामेभाऊ सांगतो, "रोज एक घेत जा ना बे, काही होत नाही." त्याला गिधाडांचं सांगू नका, तो चिडतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, मात्र गुपचूप करून घ्या.

आता मुख्य कार्य, म्हणजे दुसरं ऑपरेशन.

पहिल्याची वट वेगळीच असते. माणसं डबे आणतात, संत्री आणतात, रात्री झोपायला भाचा येतो. दुसऱ्या वेळी लोक आधी हिशेब मागतात. "काहून भाऊ, पुन्हा? पहिलंवालं बरोबर नव्हतं झालं का?" जणू कार्यक्रमाचं उद्‌घाटन होऊन गेलं होतं आणि तुम्ही परत फीत बांधताय. त्यांना खरं काय ते समजावून सांगायचा मोह आवरा. खरं असं आहे की पहिल्या वेळी सरकलेल्या चकतीचा तुकडा काढला होता. आता तिथे व्रण धरलाय, नस त्यात चिकटलीय, मणका जागचा हलतोय, म्हणून स्क्रू आणि रॉड टाकून दोन मणके जोडायचे. जोडले की वरच्या-खालच्या चकत्यांवर ताण वाढतो, त्याचं पुढे बघू. पायात उतरणारी कळ कमी होण्याची आशा बरी असते, खुद्द कंबरेच्या दुखीबद्दल तेवढी नसते. आणि प्रत्येक पुढच्या ऑपरेशनला गुण येण्याची शक्यता आधीपेक्षा घटते. सर्जनने हे सगळं कागदावर मणका काढून दाखवलं असेल तर त्याचे आभार माना, असा सर्जन भाग्याने मिळतो. कागद खिशात ठेवा. घरच्यांना फक्त "होईल ना बरोबर?" एवढंच विचारायचं असतं आणि त्याचं उत्तर "हो" आहे. न करण्याचाही पर्याय आहे, हे तर आईसमोर मुळीच बोलू नका. करायचं म्हटलं तरी ती रडते, नाही म्हटलं तरी रडते. निदान करायचं म्हटलं की नवस तरी बोलता येतो. टेकडीच्या गणपतीला किती नवस आधीच थकलेत कोण जाणे.

तारीख ठरवताना ऋतू बघा. मे महिन्यात नको: पारा 45 च्या वर, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या आत पत्र्याच्या चपट्या पट्ट्या, त्यांच्याखाली घामोळ्या, आणि कुलरचं पाणी संपलं की बादली उचलायची नाही. पावसाळ्यात नको, टाके ओले होतात. दिवाळीत नको, अपशकुन. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन; सीताबर्डीपासून पुढे बंदोबस्त, तुमची अँब्युलन्स कुठल्या मोर्चामागे उभी राहील सांगता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं. उरलेल्या दिवसांत सर्जन परिषदेला गेलेले असतात.

बाई असाल तर तारीख वेगळ्या पंचांगावर काढावी लागेल. कुरड्या, पापड, शेवया, लोणचं, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, मुलीची बारावी, हे सगळं आटोपल्यावर. आदल्या रात्री फ्रिज भरा, डब्यांवर चिठ्ठ्या लावा. स्ट्रेचरवर हिरवा झगा घालून, तोंडातला दात हलतो का विचारणाऱ्या भूलतज्ज्ञाकडे बघत असतानाही मान वळवून सांगता आलं पाहिजे की जिरं तिसऱ्या डब्यात आहे आणि मेथी आजच संपवा, काळी पडते. हे सांगितल्याशिवाय भूल चढत नाही असा अनुभव आहे. पुरुषांना ही अडचण येत नाही. त्यांनी फक्त मोबाइलचा पासवर्ड बायकोला द्यायचा की नाही, यावर विचार करावा.

विम्याबद्दल निर्धास्त राहा. विमा नियामकाने 2024 मध्ये सांगून ठेवलंय की कॅशलेसची परवानगी तासाभरात आणि दवाखान्यातून सुट्टी मिळतानाची मंजुरी तीन तासांत द्यायची. नियम उत्तम आहे, छापून बॅगेत ठेवा. सकाळी डॉक्टर "आज घरी" म्हणतील, सलाइनची सुई निघेल, तुम्ही कपडे बदलून काठावर बसाल. ताठ बसायचं, कारण वाकायची मनाई आहे. टेकायचं नाही, कारण चादर काढून नेलेली असेल. दुपारी डेस्कवरून कळेल की वरून क्वेरी आली आहे: पेशंटची कंबर आधीपासून दुखत होती का? शांतपणे उत्तर द्या. दुखत नसती तर गंमत म्हणून उघडली नसती, असलं काही लिहून देऊ नका.

भेटायला येणाऱ्यांना वेळ असते चार ते सहा, ते येतात दीडला. पलंगाच्या कडेवरच बसतात, गादी तिकडे कलते, टाके इकडे ओढले जातात. तुम्ही हसायचं. मग एक जण खुर्ची पुढे ओढून सुरू करतो: "माझ्या साडभावाचं पण सेम टू सेम हेच झालं होतं." इथे चुकूनही विचारू नका, आता कसे आहेत? विचारलंत तर बायको त्याला डोळ्याने खुणावते, तो छताकडे बघतो आणि म्हणतो, "जाऊ द्या, तुम्ही टेन्शन नका घेऊ." मग सगळे मिळून पेशंटला आणलेली संत्री खातात.

बरं व्हायला नातेवाईक दीड महिना देतात. हाडं एकमेकांत जुळून यायला बरेच महिने लागतात, पण हाडांचा नातेवाइकांशी संबंध नसतो. दीड महिना उलटला की फोनवर "कसं आहे?" ऐवजी "आता बरं ना?" येतं. "बरं आहे" म्हणा. लगेच वर्धा रोडवरच्या लॉनमधल्या लग्नाचं आमंत्रण येईल आणि जावंही लागेल. तिथे पार्किंगपासून मंडपापर्यंत गालिचा, गालिच्याखाली खड्डे. हसताना फोटोत येऊ नका. एका फोटोने आजवरचं सगळं दुखणं रद्द होतं. सोफ्यावर कुणी कितीही आग्रह केला तरी बसू नका, त्यातून उठताना दोन माणसं लागतात आणि मग सगळा मंडप बघतो. हाताची, ताठ पाठीची प्लास्टिकची खुर्ची बघा, शक्यतो जेवणाच्या बाजूला, म्हणजे ताट घेऊन फार चालायला नको. पाटवडीचा रस्सा वाढेपर्यंत तिथून हलू नका. कुणी विचारलंच की एकटे काहून बसले, तर सांगा, जवाईबापूंची वाट पाहून राहिलो. जवाईबापू येणार नसतील तर आणखी चांगलं, खुर्ची शेवटपर्यंत टिकते.