स्टेशनपासून पाच मिनिटं म्हणे!

चार महिने झाले डोंबिवलीत टू बीएचके शोधतोय आणि ह्या एजंट लोकांनी डोक्याचा पार भुगा केलाय. फोटो बघून फोन करावा तर "तो कालच गेला सर, दुसरा दाखवतो", आणि हा दुसरा दरवेळी नेमका दहा लाखांनी महाग कसा असतो हो? २०१७ ला रेरा (बिल्डर-एजंटांना चाप लावणारा कायदा) आला, कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, सांगणं सक्तीचं झालं, तरी ह्यांचं आपलं जिने-लिफ्ट-लॉबी सगळं धरून फुगवलेलं सुपर बिल्टअपच चालू. एजंटचा स्वतःचा रेरा नोंदणीचा नंबर विचारला की लगेच "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये". काल तर कहर, स्टेशनपासून पाच मिनिटं म्हणून नेलं आणि रिक्षातच वीस मिनिटं गेली (भाडं अर्थात मीच दिलं). वर दोन टक्के ब्रोकरेज पाहिजे, ते कशाचं, मला उन्हात फिरवल्याचं?